वाळूतली चार बोटं

६ जानेवारी, सोमवार

खड्डा चाळून ठेव म्हणे! आजच! यासिर फोन कानाला लावून आला, बोटाने खड्डा दाखवला आणि गेला. क्लबचा मॅनेजर झाला म्हणून काय झालं — श्रीवर्धनचा पोर, मला चाचा म्हणतो आणि माझ्याशी इंग्रजी फाडतो.

लांब उडीचा खड्डा तो. अझैबाच्या ह्या मैदानावर कामाला लागून मला दीड वर्ष झालं, तेवढ्या काळात त्यात मांजरांखेरीज कुणी उडी मारलेली पाहिली नाही. समुद्राची बारीक वाळू, दव पडलं की दगड होते. दुपारभर चाळत बसलो. कमरेचे बारा वाजले.

एक बाई येणार आहे, एस्टोनियाची. हा देश कुठे आहे ते यासिरलाही मोबाईलवर शोधावं लागलं! तिची बहीण इथे शाळेत शिकवते, तिच्याकडे दोन महिने राहणार. त्यांच्याकडे आता सगळा बर्फ. म्हणून उड्या मस्कतमध्ये.

८ जानेवारी

आली. हेली सारेमेत्स. उंच, हडकुळी, केस पोरासारखे कापलेले. वय तेहतीस. मी स्वेटर घालून उभा आणि ही अर्ध्या चड्डीत — वर म्हणते, काय छान उन्हाळा आहे!

खड्ड्यात उतरली, मूठभर वाळू घेतली, वास घेतला. "वाईट," म्हणाली. डोकंच फिरलं माझं. दुपारभर चाळलेली वाळू! पण खोटं नव्हतं ते. खाबुऱ्याहून भाजी घेऊन येणाऱ्या पिकअपवाल्याला सांगितलं, परवा येताना वादीतली घेऊन ये — कोरड्या ओढ्याची, जाड, धुतलेली.

१२ जानेवारी, रविवार

नवी वाळू पडली. हेली पहिली उडी मारून पडली ती तशीच पडून राहिली, आभाळाकडे बघत. मला वाटलं मोडलं काही! तर हसत होती. "गुड सँड, मुनीर."

मोजायला माणूस हवा, म्हणाली. यासिर म्हणतो, शाळेच्या मास्तरला विचारतो. मी म्हटलं, मास्तर कशाला? रुवीत अठरा वर्षं कापड मोजलंय मी! शेठने दुकान अर्धं केलं म्हणून इथे गवताला पाणी घालतोय, नाहीतर माप म्हणजे माझा धंदा. एक वार कमी दिला असं अख्ख्या रुवीत कुणी सांगून दाखवावं.

तर ठरलं. ती वाळूत जिथे पडेल त्या खुणेपाशी मी टेपचं शून्य धरायचं, ती उडीच्या पाटीपाशी टेप ताणून आकडा वाचणार. लाकडी पाटी असते, तिच्यावरून पाय सुटतो. आकडा झाला की वहीत लिहिते. निळं पेन, जाड वही. मी म्हटलं, मीपण लिहितो. तिला फार आवडलं ते.

१४ जानेवारी

आज एक गंमत. तिसऱ्या उडीनंतर ती पाटीकडे गेलीच नाही. माझ्या शेजारी येऊन वाळूत उकिडवी बसली. माझ्या हाताकडे बघत राहिली. मग स्वतःचं एक बोट माझ्या बोटांशेजारी वाळूत टेकवलं.

"असं धरायला कुठे शिकलास?"

मी छाती फुगवून सांगितलं — दुकानात! अठरा वर्षं! हाताला सवयच आहे, बघावं लागत नाही.

हसली. उठून वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "दुसऱ्या कुणाला धरायला देऊ नकोस हं. तूच."

बायकोला, खतिजाला, फोनवर सांगितलं. ती तिकडे हर्णैत मासे साफ करत होती. म्हणाली, "परदेशी बाई हात बघते नि तुमी फुगताव! म्हातारपणी काय शोभा ही!"

१५ जानेवारी

तरी आनंद झाला होता, हे लिहून ठेवतो.

२१ जानेवारी, मंगळवार

गुडघ्याला बर्फ लावून झाडाखाली बसली होती. मी कडक चहा आणला. आज बोलत सुटली, मी आपला ऐकतोय. माझं इंग्रजी मोडकं, तिचं पण काही फार धड नाही, त्यामुळे समजतं.

घर एका बेटावर. बाप होड्या दुरुस्त करणारा. ही नऊ वर्षांची असताना बापाने घरामागे खड्डा खणला, किनाऱ्यावरची वाळू टाकली आणि म्हणाला, मार उडी. बुटांनी मोजायचा — सात बूट, आठ बूट. तेव्हापासून चोवीस वर्षं!

नुसती लांब उडी नाही. सात खेळांची खेळाडू ही. अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळा, दोनशे मीटर, लांब उडी, भाला आणि शेवटी आठशे मीटर — दोन दिवसांत सगळं. आठशेच्या आधी दरवेळी उलटी व्हायची म्हणे. दरवेळी! मग धावायची. गुडघ्यावर तीन ऑपरेशनं झाली. तिसऱ्यानंतर सहा खेळ सोडले, एक ठेवला. सहा मीटर एकाहत्तर ही तिची सगळ्यात मोठी उडी, सात वर्षांपूर्वीची. एकदा युरोपातल्या मोठ्या स्पर्धेत लांब उडीत चौथी आली. तिसरी आली तिच्यापेक्षा एक सेंटिमीटर कमी. एक!

मी म्हटलं, बाय, एक सेंटिमीटर म्हणजे माझ्या नखाएवढं.

"माहीत आहे," म्हणाली. "बाबाने तेवढी काडी कापून स्वयंपाकघरात खिळ्याला लावली आहे. अजून आहे."

चहा निवला. ती म्हणाली, "बाबा माझं ऐकत नाही. आकड्याचं ऐकतो."

२ फेब्रुवारी

तिचा कोच तिकडे गावात, बर्फात. रोज व्हिडिओवर येतो. आज बराच वेळ बोलले दोघं, त्यांच्या भाषेत. मग तिने मला सांगितलं.

कोचची अट — फेब्रुवारी संपायच्या आत, सोळा पावलांच्या धावेतून, सहा चाळीस. एकदा तरी. झाली तर पुढची दोन वर्षं तो तिच्यामागे उभा राहणार, युरोपाच्या स्पर्धेची तयारी, नवं ऑपरेशन, सगळं. नाही झाली तर बंद. कायमचं.

"आत्ता किती होते?" मी विचारलं.

"तुझ्या टेपवर सहा एकतीस."

नऊ सेंटिमीटर. मी उठून पुन्हा वाळू सारखी करायला लागलो. जसं काही मलाच उडायचंय!

३ फेब्रुवारी

यासिर लाल उजेडाची मशीन घेऊन आला. लेसर. बटण दाबलं की आकडा. "चाचा, आता टेप म्युझियममध्ये."

हेलीने मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. "मुनीर मोजेल."

यासिर म्हणाला, हे जास्त बरोबर असतं. ती म्हणाली, "मला मुनीरचं माप हवंय." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं! मशीन ऑफिसच्या कपाटात गेली. मी दिवसभर हवेत.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सहा छत्तीस!!

पडली तेव्हाच कळलं होतं लांब गेली ते. मी पळत खुणेपाशी. ती टेप ताणून वाकली, बराच वेळ तशीच वाकलेली. मग "छत्तीस." मी म्हटलं चार राहिले बाय, फक्त चार! बूट काढले आणि गुडघा दोन्ही हातांत धरून बसली. सुजलाय. एवढा मोठा. बघवत नाही.

मी काय करू शकतो? वाळू सारखी करतो. बर्फ आणतो. शून्य धरतो. बस्स.

१३ फेब्रुवारी

आज गुडघा वाकतच नव्हता. तरी आठ उड्या. मी म्हटलं, नको आज. म्हणाली, "थांबायचं कसं ते मला कुणी शिकवलं नाही, मुनीर."

मी यासिरला म्हटलं, डॉक्टरला दाखवा हिला. तो म्हणतो, ती प्रोफेशनल आहे चाचा, तिला कळतं. सगळ्यांना सगळं कळतं इथे! फक्त मला तिचं उठून उभं राहणं बघवत नाही.

१८ फेब्रुवारी

सहा सदतीस. मग रडली. खुशीने नव्हे.

२४ फेब्रुवारी

उद्या शेवटचा दिवस. बुधवारी सामान बांधणार, गुरुवारी विमान. नमाजात मागितलं तिच्यासाठी. तीन सेंटिमीटर मागितले. एवढं बारीक काही मी कधी मागितलं नव्हतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजच लिहितो. उद्या धीर होणार नाही.

कोच फोनवर होता. हेलीच्या बहिणीने फोन धरला होता, पाटीवर. सहा उड्या ठरल्या. पहिली, दुसरी गेली. तिसऱ्याला पाय पाटीच्या पुढे, बाद. चौथीत सहा चौतीस. पाचवी सोडली, जमिनीवर बसून राहिली. मग उठली.

सहावी. असं कुणाला उडताना मी पाहिलेलं नाही! पाय सुटला आणि मला वाटलं आता ही येतच नाही खाली. वाळू माझ्या तोंडावर उडाली. मी खुणेवर हात टाकला. टेप ताणला गेला.

आणि तेव्हा — हे फक्त इथेच लिहितोय — तेव्हा मनात आलं, अर्धं बोट सरकव ना मुनीर! कोण बघतंय? कोच तिकडे, बहीण पाटीकडे बघतेय, हेली वाकलेली. दोन सेंटिमीटर, चार सेंटिमीटर. तिची दोन वर्षं तुझ्या चिमटीत आहेत.

नाही सरकवलं. अठरा वर्षं माप केलं, कुणाला फसवलं नाही. माप म्हणजे इमान. तिने मशीन नाकारून माझ्या हातावर भरवसा टाकला आणि मी त्याच हाताने लबाडी करू? दातावर दात दाबून हात जिथे होता तिथेच दाबून ठेवला.

"सहा अडतीस," ती म्हणाली. फोनकडे तोंड करून पुन्हा मोठ्याने म्हणाली.

कोच दोन शब्द बोलला. हेलीने मान हलवली. बहिणीने तोंड फिरवलं.

मी तसाच बसलो. शून्य सोडायचं भान राहिलं नाही. तीच आली आणि माझा हात वाळूतून उचलला. "झालं, मुनीर."

दोन सेंटिमीटर. या अल्ला, दोन!

२७ फेब्रुवारी

गेली आज. सकाळी निरोप घ्यायला मैदानावर आली. टेप मागितला, आठवण म्हणून. दिला. क्लबचा होता, यासिर बोंबलेल तेव्हा बोंबलेल.

मी दिवसातून पन्नासदा खलास म्हणतो, ते तिला फार आवडायचं. म्हणाली, तुझ्या अक्षरांत लिहून दे. तिच्या वहीत लिहून दिलं — खलास. तिने खाली दोनदा गिरवून बघितलं. 'ख' जमेना.

गाडीत बसताना म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नको. तू बरोबर धरलंस." मी मान खाली घातली. अर्ध्या बोटाचा तो विचार तिला कळला असेल का?

१ मार्च

पहिला रोजा. खड्ड्यात आज मांजर झोपलं होतं. हाकललं नाही.

२२ मार्च, शनिवार

आज जे झालं ते लिहायला घेतोय आणि पेन अडतंय.

ईद जवळ आली की शेठच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. काम सुटलं तरी तेवढे दिवस मी संध्याकाळी काउंटरवर उभा राहतो, जुन्या ओळखीखातर. आज असरची नमाज झाल्यावर रुवीला गेलो. कापड धरलं की हात आपोआप चालतो. मजा आली. कुर्त्यांचं कापड फाडलं, गिऱ्हाईक बाजूच्या जहूर मास्टरकडे शिवायला घेऊन गेलं.

थोड्या वेळाने जहूर हसत दुकानात. हातात कापड. "अडीच मीटरची चिठ्ठी आणि कापड दोन सत्तावन्न! मी लगेच म्हटलं, मुनीरभाई आलाय आज! तुझ्या हातचं नेहमी चार बोटं जास्त."

शेठ पण हसला. त्याच्या बापानेच शिकवलं होतं मला. कापडाची कड विस्कटलेली असते, ती गिऱ्हाईकाच्या मापात धरायची नाही. आधी कड चार बोटांखाली दाबायची आणि बोटांच्या पुढून मीटर सुरू करायचा. गिऱ्हाईकाला चार बोटं वर. दुकानाची पतच ती.

सगळे हसत होते. मी पण हसलो. आणि मग वाळू दिसली डोळ्यांसमोर. खुणेची कड ढासळायची — आणि मी ती चार बोटांखाली दाबायचो. टेप बोटांच्या पुढून धरायचो!

इफ्तारचा खजूर तोंडात फिरत राहिला.

२३ मार्च

सकाळी पहिलं काम ते. टाचेने वाळूत खूण केली. डोळे मिटून, नेहमी बसायचो तसा बसलो, हात जसा जातो तसा जाऊ दिला. डोळे उघडले.

चारही बोटं खुणेवर. शून्य बोटांच्या पुढे.

यासिरच्या कपाटातली मशीन काढली. दोनदा बघितलं, पाचदा बघितलं. सात सेंटिमीटर.

सहा अडतीस नव्हती ती. सहा पंचेचाळीस! आणि अकरा फेब्रुवारीची छत्तीस — ती त्रेचाळीस होती! त्या दिवशीच झालं होतं तिचं! त्यानंतर सुजलेल्या गुडघ्यावर दोन आठवडे उड्या मारल्या पोरीने, माझ्या ह्या हातामुळे!

गिऱ्हाईकाला जास्त देणारा हात. तिला रोज सात कमी देत होता. आणि मी इमानाच्या गोष्टी करत होतो! मोठा आला इमानवाला!

खड्ड्याच्या कडेला बसून रडलो. रोजा होता, पाणीही पिता येईना.

२४ मार्च

खतिजाला सांगितलं. 

म्हणाली, "तुमी मुद्दाम नाय केलाव."

"तिला काय फरक पडतो मुद्दाम होतं की नव्हतं?"

"मग सांगा तिला."

"आणि काय सांगू? तुझं चोवीस वर्षांचं सगळं मी चार बोटांनी पुसलं?"

"तर मग सांगू नका! पण माझ्या कानाशी रोज भुणभुण नको. मला पण झोप लागत नाय मग."

२६ मार्च

यासिरने फोनवर दाखवलं. तिच्या गावात, बारा एप्रिलला कार्यक्रम ठेवलाय. हेली सारेमेत्स निवृत्त होणार, सगळ्यांच्या समोर. तिचा जुना फोटो, हवेत उडालेली, हात पंखांसारखे. यासिर म्हणतो, आपल्या क्लबचं नाव पण घेणार बघ.

सतरा दिवस आहेत. अजून थांबवता येईल. कोच ऐकेल. पंचेचाळीस म्हणजे अटीपेक्षा पाच जास्त!

मेसेज लिहिला. पुसला. लिहिला. पुसला.

३१ मार्च

ईद. नवा कुर्ता घातला नाही. सगळ्यांना मिठ्या मारल्या, शेवया खाल्ल्या, काही चव नाही. नमाजानंतर कुणी विचारलं, मुनीरभाई बरे आहात ना? मी म्हटलं, अल्हम्दुलिल्ला. दुसरं काय सांगणार?

५ एप्रिल

यासिरला सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिकलेला आहे, इंग्रजी येतं, काही वाट काढेल.

त्याने दार लावून घेतलं. आज चक्क मराठीत बोलला! "चाचा, हे कुणाजवळ बोलू नका. आता सांगून काय होणार? ती बाई सुखाने घरी बसतेय, तुम्ही तिची झोप उडवणार? आणि उद्या कुणी लिहिलं, मस्कतच्या क्लबात माप चुकलं, तर? तुम्ही पण जाल, मी पण जाईन."

"अरे पण ती त्रेचाळीस उडाली होती!"

"मी मशीन आणली होती," तो म्हणाला. "तिलाच नको होती."

खरं आहे. माझ्यावर भरवसा म्हणून नको होती! हेच तर खातंय मला.

९ एप्रिल, बुधवार

पाठवला. सकाळी नऊला, डोळे मिटून.

इथे उतरवून ठेवतो. — हेली, माझा हात चुकीचा होता. शून्य मी खुणेच्या चार बोटं पुढे धरत होतो. दुकानातली सवय. तुझी प्रत्येक उडी सात सेंटिमीटर जास्त आहे. शेवटची सहा पंचेचाळीस. मी मशीनने तपासलं. कोचला सांग, बापाला सांग, कार्यक्रम थांबव. मला माफ करू नकोस, पण थांबव. मुनीर.

नऊ वाजून चार मिनिटांनी दोन्ही खुणा निळ्या झाल्या. वाचलं तिने.

दिवसभर फोन हातात.

१० एप्रिल

काही नाही.

११ एप्रिल

काही नाही. फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. चिडली असेल. चिडू दे! शिव्या घाल म्हणावं, पण बोल. खतिजा म्हणते, "तुमी तुमचं केलाव, आता तिचं तिच्यावर सोडा." कसं सोडू?

१२ एप्रिल, शनिवार

यासिरच्या ऑफिसात बसून बघितलं. शाळेचा हॉल. माणसं भरलेली. हेली निळ्या झग्यात, मी तर ओळखलीच नाही. माईकवर बोलली. भाषा कळेना, पण मध्ये एक आकडा दिसला मागच्या पडद्यावर — ६.३८.

मी ओरडलो, "नाही!" यासिरने माझा हात दाबला.

मग एक म्हातारा वर आला. जाडजूड, हातावर काळे डाग. बापच. त्याने त्या आकड्याकडे बघितलं, मान हलवली आणि पोरीला जवळ घेतलं. घट्ट. ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून होती, डोळे मिटून. कितीतरी वेळ. टाळ्या थांबेनात.

माझा खोटा आकडा. भिंतीएवढा. आणि ती वाचून बसलेली, खरं माहीत असून! शेवटच्या क्षणी कळलं, आता काय करणार म्हणून गप्प बसली असेल. मला वाचवायला गप्प बसली असेल. म्हणजे माझ्यासाठी पोरीने सगळं सोडलं. मी काय करू आता, काय करू?

२० एप्रिल

शाळेच्या स्पर्धा आहेत. मास्तर म्हणाला, मुनीरभाई, लांब उडीला शून्य तुम्ही धरा. मी म्हटलं, मी नाही. कारण विचारलं. हात दुखतो म्हटलं.

मशीनने मोजलं. मुलं उडत होती, मी लांबून वाळू सारखी करत होतो.

२९ एप्रिल

खड्ड्याला पाणी मारलं. गरम व्हायला लागलंय आता.

७ मे, बुधवार

पार्सल आलं. माझाच टेप. त्याच्याभोवती तिच्या वहीचं एक पान गुंडाळलेलं.

निळ्या पेनाने आकड्यांच्या दोन रांगा. डावीकडे मी धरलेली मापं. उजवीकडे दुसरी — प्रत्येक ओळीत बरोब्बर सात जास्त. अगदी वर तारीख, १४ जानेवारी. अगदी खाली, २५ फेब्रुवारी: ६.३८ आणि ६.४५. त्याखाली मराठीत, वाकडंतिकडं — खलास. 'ख' जमलाय.

तिला माहीत होतं. माझ्या शेजारी वाळूत बसली होती त्या दिवसापासून! थांबायचं होतं तिला, आणि बापाला द्यायला चाळीसच्या आतला एक आकडा हवा होता.

आणि मला वाटत होतं, माझ्या हातावर भरवसा म्हणून मशीन नको म्हणाली. होताच भरवसा. हा हात चुकणार, रोज तेवढाच चुकणार — ह्याचा.